उपाशीपोटी

"काही खाल्लं नाही ना?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही!" बाही वर सारत तिनं ठणकावून सांगितलं.

रक्त घेणाऱ्या त्या उंच तरुणानं सुई उचलली... आणि खाली ठेवली.

"मग ओठाच्या कोपऱ्यात हे गुलाबी काय? क्रीम?"

तिचा हात झर्रकन ओठांकडे गेला. अगं बाई! सकाळी केक सजवताना बोट चाटलं गेलं होतं. केकवालीचं बोट ते... गोडी बघून येतं नि मालकिणीला सांगतसुद्धा नाही.

"साखर उपाशीपोटीच तपासतात. उद्या या." चेहरा गंभीर, पण डोळे लबाड हसत होते.

तिला मात्र हसू येईना. वर्षभरात अंग भरत चाललेलं, जिना चढताना धाप, भरदुपारी पेंग. त्यात आत्याचा टोमणा, "दुकानातलं गिऱ्हाइकाला काही उरतं का गं?" दिवसभर घासाला सवड नाही, जेवण होई ते दुकान बंद झाल्यावर, तेही भसाभस. सगळा दोष आपल्या जिभेचाच, हे मनात काट्यासारखं रुतलेलं.

दुसऱ्या दिवशी तो लांबूनच म्हणाला, "आज चॉकलेट!"

"शी! परत?"

"बोट बांधून या आता."

आणि ती खरंच बांधून आली! केकच्या खोक्याची लाल फीत, बोटाला गच्च गुंडाळलेली. तो खळखळून हसला, मग एकदम थांबला. "अहो, निळं पडलंय की!" हलकेच त्यानं गाठ सोडवली, बोट चोळलं... सुई केव्हा टोचली, तिला कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की आता इथं यायला निमित्त उरलं नाही.

अहवाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर ठीक आहे. गळ्यातली थायरॉइड सुस्तावलीय, तिचं हार्मोन कमी पडतंय. थोडं वजन तिच्यामुळे, थोडं अवेळी जेवण्यामुळे. गोळी घ्या, दुपारी नीट जेवा, रात्री लवकर. आणि स्वतःला बोल लावणं बंद!"

काटा निघाला. डोळे पुसत, हसत ती बाहेर धावली, तर दारात तोच.

"काय म्हणाल्या?"

"दुपारी वेळेवर जेवा म्हणाल्या. पण कामात आठवण कोण करणार?"

"मी... तुमच्या दुकानासमोरच्या बाकावर रोज डबा खातो. कित्येक महिने झाले. तुम्ही क्रीममधून मान वर काढाल तर दिसेन ना!"

तिच्या गालांवर क्रीमपेक्षा गुलाबी रंग चढला.

त्यानं खिशातून लाल फीत काढली. "ही... विसरलात."

"मग बांधा ना. जेवायचं लक्षात राहील."

"कुठल्या बोटाला?"

चाटायचं बोट तिनं मुठीत लपवलं, आणि करंगळीशेजारचं हळूच पुढे केलं.

"सैल बांधा हं," ती पुटपुटली, "पण सुटायला नको."