चौदावी कळी

लोकांची फिरकी घ्यायची मला खोड आहे. बावन्न वर्षांचा झालो, सुटत नाही. संग्रहालयात मी जुन्या कोरीव शिळांच्या प्लास्टरच्या नकला बनवतो.

आमच्या संग्रहालयप्रमुख मॅडमच्या दालनात अशा चार शिळा आहेत. चार प्राचीन देशांच्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या. तरी चौघांनी देवाचं म्हणून कोरलंय ते झाड एकच. दोन बाजूंना दोन राखणदार, फांद्यांवर तेरा कळ्या. तेराच का, यावर मॅडमची निम्मी हयात गेली. शिळा काचेच्या कपाटांत कुलूपबंद. किल्ली रखवालदाराकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे.

सोमवारी एका नकलेचं प्लास्टर ओलं होतं. त्यावर इवलासा गोळा चिकटवला, करंगळीने दाबला. झाली चौदावी कळी. करंगळीवर आठ वर्षांपूर्वीचा करवतीचा व्रण आहे; त्याची तिरकी रेघही उमटली. म्हटलं, बसू दे मॅडमना मोजत.

मंगळवारी मॅडमनी मोजलं. मग बाकीच्या तीन नकला मोजल्या.

सगळीकडे चौदा.

मी मेहुण्याला कोपऱ्यात घेतलं. "माझ्यावरच डाव उलटवतोस होय रे?"

"भावजी, मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

खरंच येत नाही. तरी माझा विश्वास बसेना.

तेवढ्यात मॅडमनी कपाटांकडून हाक मारली. आत, मूळ शिळांवरही चौदा. कुलपांवरची धूळ जशीच्या तशी.

"किल्ली तुझ्याकडेच असते ना?" त्या मेहुण्याला म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

त्याचा चेहरा उतरला. दोन मुली शाळेत आहेत त्याच्या.

"मॅडम, कळी माझी," मी म्हणालो. "नकलेवर, एकच. त्याला सोडा."

"दगडावर कशी आली मग?"



मुळात तेराच होत्या याचा पुरावा म्हणून त्यांनी खणातून एका शिळेचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो काढला. पेन्सिलीने मोजायला लागल्या. पुन्हा मोजलं. मग खुर्चीत बसल्या.

"चौदाच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच मोजणं चुकलं इतकी वर्षं. जा, कामाला लागा."

मेहुण्याने सुस्कारा सोडला. "वाचलो. भावजी, हसा की आता."

मी भिंग घेऊन फोटोवर वाकलो.

चौदाव्या कळीवर तिरकी रेघ होती.

मी करंगळीवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

व्रणाची जागा गुळगुळीत होती.