पल्याडची तिसरी हाक

शिवप्रकाश, तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यात जायलाय. अन् राम, तू मधी मधी हसू नको. ही काही गप्पा हाणायची गोष्ट न्हाई, झालेलं हाय. बन्सीधरनं माझ्यासमोर बसून सांगितलंय.

येलदरीच्या धरणात ह्या काठाची माणसं त्या काठाला न्यायची एक लाकडी नाव होती. चालवायचे बन्सीधरचे वडील, तात्याराव. नवरदेव, बकऱ्या, शाळेचे मास्तर, समदे तिच्यातच. नावेच्या अंगाला बाहेरून एक पांढरी रेघ मारलेली. सोळा माणसं बसली की पाणी त्या रेघेला टेकायचं. मग सतरावा किती बी हातापाया पडू दे, तात्याराव घ्यायचे न्हाईत.

पुढं सडक झाली, जीपा आल्या, नाव रिकामी पडली. बन्सीधर डोकेबाज. त्यानं नावेवर पत्रे टाकले, आत बाज, गॅस, सोलरचा दिवा बसवला अन् बायको माधवीला अन् बापाला घेऊन नावेतच संसार मांडला. काठच्या बाभळीला दोर बांधलेला, चढा-उतरायला एक फळी. एवढा संसार चढला तरी रेघ पाण्याच्या वीतभर वरच ऱ्हायची.

तात्याराव एकच म्हणले, "बाबा, नाव बंद केली तर पल्याड जाऊन सांगावं लागतंय. रिकामी नाव न्यायची अन् तीन हाका घालायच्या. नाव बंद झाली, वाट बघू नका. मग माघारी यायचं."

"कुणाला सांगायचं आबा? पल्याड आता कुत्रं बी न्हाई."

"जे निघालंय अन् अजून काठावर पोचलं न्हाई, त्याला."

"जाऊ की. अर्ध्या तासाचं काम हाय."

पण ते अर्ध्या तासाचं काम काही होईना. महिन्याभरात तात्यारावांना लकवा मारला. डावं अंग गेलं, वाचा गेली. दोन वर्षं म्हातारा बाजेवर. रोज दिवेलागणीला उजवा हात उचलून पल्याड दाखवायचा. बन्सीधर गोधडी सारखी करत म्हणायचा, "जाऊ आबा, उद्या." बापावर लय जीव होता त्याचा. हागणं-मुतणं काढलं, कवा तोंड वाकडं केलं न्हाई. तेवढं एकच ऱ्हाऊन गेलं.

मागल्या साली, दिवाळी होऊन नऊ दिवस झालते. मंगळवार. माधवी माहेरी गंगाखेडला गेलती. म्हाताऱ्याच्या गोळ्या सरल्या म्हणून पावणेनऊला बन्सीधरनं गाडीला किक मारली. "आलोच आबा, अर्ध्या तासाचं काम हाय." तात्यारावांनी हात पल्याड केला. ह्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

गोळ्या घेऊन सव्वानऊला माघारी आला, तर फळी काठावर ओढून ठेवलेली. दोर सोडून बाभळीच्या बुडाला नीट गुंडाळलेला. नाव न्हाई.

अर्धंमुर्धं चांदणं होतं. लांब, पार मध्यावर, सोलरचा दिवा पल्याड चाललेला. वल्ह्यांचा आवाज यायलाय... चप्... चप्... दोन वल्ही. अन् म्हाताऱ्याचा चालता हात तर एकच.

बन्सीधर गळा फाटस्तोवर ओरडला. मग कपड्यासकट पाण्यात शिरला. धरणातच वाढलेला गडी, पोहण्यात कुणाला ऐकायचा न्हाई. हात मारतोय, मारतोय... वळून बघतो तर काठ हातभर मागं. तसाच चिखलात येऊन बसला. खिशातल्या गोळ्या भिजून गेल्या.

दिवा पल्याड टेकला.

अन् आवाज आला. खणखणीत. दोन वर्षं न ऐकलेला.

"नाव बंद झाली... वाट बघू नका..."

गप.

"नाव बंद झाली... वाट बघू नका..."

गप.

बन्सीधरनं हात जोडले. "घाला आबा. एकच ऱ्हायली."

न्हाई.

लाकूड वाजलं. कुणी चढल्यासारखं. मग आणखी एक. मग... लय पावलं. दिवा जरा जरा खाली बसत गेला.

वल्ही पुन्हा सुरू झाली. आता जड. सावकाश.

नाव येऊन बाभळीपाशी थांबली. आपसूक.

आत बाजेवर तात्याराव. गोधडी सारखी केलेली. अंग कोमट... जीव न्हाई. दुसरं कुणी न्हाई. "अर्ध्या तासाचं काम होतं आबा," एवढंच म्हणत बन्सीधर उजाडेपर्यंत पायाशी बसून रडला.

माती झाली. तिसऱ्या दिवशी त्यानं नाव मोकळी केली. बाज काढली, गॅस काढला, पत्रे उचकटले. आतून हात फिरवला. एक फट न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. आता वरीस व्हायला आलं. नाव बाभळीलाच हाय, कोरडी, रिकामी. पण पाणी रेघेला टेकलेलं.

तिसरी हाक घालायला बन्सीधर दोनदा गेला. हाक पल्याडच घालायची, अन् त्याच नावेतून जाऊन. एक पाय आत टाकला... पाणी रेघेच्या वर आलं.

पाय काढला. पुन्हा रेघेला टेकलं.