सोड म्हणेपर्यंत

“हँडब्रेक ओढू नकोस. हात काढ तिथून!”

टिलमानशी माझी ओळख झाली ती अशी, खेकसण्यातून. न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकच्या पार्किंगमध्ये मी बटाट्याची धिरडी खात उभी होते आणि हा पठ्ठ्या ट्रॅकवरून थेट माझ्यासमोर येऊन थांबला. जुनी निळी गाडी, चाकांतून धूर, जळका वास... आणि हात सरळ हँडब्रेककडे. आमच्या जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल, की तापल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढला तर पॅड डिस्कला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडाची पाचर लावायची, बस.

त्याने दोन्ही हात वर केले.

“माफ करा... तुम्ही इथे काम करता का?”

तुम्ही म्हणे! पैसे भरून ट्रॅकवर उतरणारे सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, मग समोर बँकेचा साहेब का असेना.

“मी रिकार्डा. मामाच्या गॅरेजात ब्रेकचं काम करते. पेडल कसं लागतंय?”

“शेवटच्या वळणावर पार तळाला गेलं.”

“ब्रेक ऑइल उकळलं तुझं. बुडबुडे झाले की पाय हवेवरच पडतो. वाचलास. करतोस काय एरवी?”

“ट्रेन चालवतो. तिला थांबायला अर्धा किलोमीटर लागतो, त्यामुळे...”

“त्यामुळे वाटलं, पुढचं स्टेशन यायला अवकाश आहे?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं सांगते, मला त्या पाहताक्षणी आवडल्या.

पुढच्या शनिवारी गाडी गॅरेजात आली. शर्यतीचे पॅड बसवले, रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या घातल्या, सहजासहजी न उकळणारं ऑइल भरलं. राहिली फक्त नळ्यांतली हवा काढायची. ते दोघांचं काम. मामा जेवायला गेला होता... म्हणजे मीच त्याला पिटाळला होता. टिलमान पेडलवर, मी चाकापाशी उकिडवी.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय... कधीपर्यंत धरू?”

“मी सोड म्हणेपर्यंत.”

“आणि तुम्ही म्हणालाच नाहीत तर?”

बाहेर देवदारांवर रिमझिम लागली होती. माझा पाना हातातच राहिला.

“हे ‘तुम्ही’ कधी सुटणार तुझं?”

“ब्रेक ज्यांच्या हाती, त्यांना अरेतुरे करायची माझी छाती नाही.”

मी हसले. मग तोही हसला, आणि त्या हसण्यातच शेवटचं चाक कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. जाताना मी माझी पाचर त्याला दिली.

रविवारी तो ट्रॅकवर गेला. मी फाटकापाशी उभी. गाड्या एकेक परत येत होत्या, त्याची काही दिसेना. तेवढ्यात लाल दिवे लागले आणि ट्रॅक बंद झाला. कोणीतरी म्हणालं, खालच्या जंगलात अपघात झालाय, निळी गाडी आहे.

मागच्या डाव्या चाकाचा हवा काढायचा स्क्रू... मी आवळला होता ना? उजवा आठवत होता, पुढचे दोन्ही आठवत होते. डाव्याच्या जागी फक्त त्याचं हसू आठवत होतं. एवढी वर्षं ब्रेक करतेय, पण देवाला असा नवस कधी बोलले नव्हते.

बऱ्याच वेळाने फाटक उघडलं. गाड्यांच्या रांगेत, अगदी शेवटी, ती आली. सावकाश, धडधाकट. मी धावले. तो उतरला, चेहरा पांढराफटक, आणि माझ्याकडे यायच्या आधी वाकून त्याने चाकाला पाचर लावली. तिथेच मला रडू फुटलं.

“कुठे होतास?”

“पुढची गाडी गर्रकन फिरून आडवी झाली. निळीच होती. तिचा चालवणारा ठीक आहे, नुसता शिव्या घालतोय. ट्रॅक उघडेपर्यंत आम्हाला सगळ्यांना तिथेच थांबवलं होतं.”

मी तशीच मागच्या डाव्या चाकापाशी बसले, बॅटरी लावून आत पाहिलं. स्क्रू कोरडा ठणठणीत, ऑइलचा थेंब नाही. आवळला होता मी. माझ्या हातांनी आवळला होता. जिवात जीव आला आणि मी तिथेच ओल्या डांबरावर फतकल मारली.

तो शेजारी येऊन बसला.

“मी पाय दाबला आणि गाडी थांबली. हातभर अंतरावर... रिकार्डा, तुझ्यामुळे.”

“काय म्हणालास?”

“तुझ्यामुळे,” त्याने पुन्हा म्हटलं. कान लालबुंद झाले होते.

मी काळाकुट्ट हात पुढे केला. “धर.”

त्याने धरला. “कधीपर्यंत?”

“मी सोड म्हणेपर्यंत.”

“आणि तू म्हणालीच नाहीस तर?”

अजून तरी म्हटलेलं नाही.