मोकळी बैठक

एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने काय घ्यावं? कोणी प्लॉट घेतो, कोणी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतो. पवनीच्या धनंजय परातेने दोन दारांची लालभडक जर्मन गाडी घेतली. उभ्या जागेवरून चार सेकंदांत शंभरावर जाणारी, आणि तीही अशा गावात, जिथे बाजाराच्या दिवशी बैलबंडीच्या मागे दहा मिनिटं सरकावं लागतं. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि धनंजयच्या काळजात चर्र व्हायचं.

पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगीच नाही. त्या गाडीत बसलं की त्याची पाठ ताठ व्हायची, ढेरी आत जायची. हायवेला लागून पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि पंचवीस वर्षं मागे पडायची. शाळेत ज्यांनी त्याला 'धोट्या' म्हणून चिडवलं, तीच पोरं आता टकलं घेऊन गाडीसोबत फोटो काढू मागत होती. धनंजय नाही म्हणत नव्हता.

चिडवायचे, कारण त्याचे वडील टिकाराम विणकर होते. कोशाचं रेशमी कापड विणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरामागच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पायाने दाबायच्या दोन पावड्या आणि काठावर बसायची फळी, असा त्यांचा हातमाग होता. विणलेलं कापड गुंडाळायचा लाकडी रूळ पोटाला टेकवून ते बसायचे. डाव्या पायाने एक पावडी, उजव्याने दुसरी, आणि मधून आडवं सूत घेऊन पळणारा धोटा. खट, खट. त्या आवाजावर धनंजय लहानाचा मोठा झाला, आणि मोठा होऊन त्याने विणण्याऐवजी विकणं धरलं. साड्यांची दोन दुकानं झाली, एक पवनीत, एक भंडाऱ्यात. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. माग नागपूरच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेला. खड्ड्यात मलबा भरून वर टाइल्स बसवल्या, शटर लावलं, आणि त्या खोलीची गाडीची खोली झाली.

पूजेच्या दिवशी बायकोने, सत्यभामाने, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग पदराखालून सासऱ्यांचा जुना धोटा काढला आणि ड्रायव्हरच्या सीटवर आडवा ठेवला.

"हे काय करून राहिली?"

"मामाजी रोज ठेवत होते. चहाले उठले तरी ठेवत. बैठक मोकळी दिसली का कोनी तरी बसते म्हनत."

"तो माग होता. हे लेदर आहे. याचं लोखंडी टोक पाह्य, फाटन ना सीट."

धनंजयने धोटा उचलून डिकीत टाकला. कोण बसतं, हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. घरोघरी असतात असल्या रीती.

आठवड्याभराने एका सकाळी त्याने दार उघडलं, तर सीट पुढे सरकलेली. या गाडीला सीटची जागा लक्षात ठेवायची दोन बटणं होती. एक नंबरवर त्याने आपली बैठक बसवली होती. दोन नंबरला त्याने हातही लावला नव्हता, पण दिवा दोनचा लागलेला होता.

"तू बसली होती का गाडीत?"

"मले सायकल येत नाही अजी, मी कायले बसू त्यात?"

त्याने सीट मागे घेतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुढे. चावी कपाटात, शटरला कुलूप. धनंजय आयुष्यभर कापड मोजत आलेला माणूस. त्याने टेप आणली आणि रोज सकाळी स्टिअरिंग ते सीटची पाठ असं अंतर मोजायला लागला. दर दिवशी ते एक बोट कमी भरायचं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्याला बरंच वाटलं. वडील बुटके होते, पाठीत वाकलेले. ती सीट त्यांच्या मापाची वाटायची. एका सकाळी बॉनेटवर हात ठेवून तो पुटपुटला, "पाहून घ्या बाबा, तुमच्या पोराची गाडी." त्याचे डोळे भरून आले. बायकोला मात्र त्याने हे सांगितलं नाही.

मग एक दिवस अंतर दीड वीत भरलं.

दीड वितीत माणूस मावत नाही. बुटकाही नाही, मूलही नाही. धनंजय टेप हातात धरून तसाच ओणवा राहिला. त्या जागेत बसायचं तर स्टिअरिंग पोटात रुतवून बसावं लागेल. टाइल्सचा सांधा त्याने तेव्हाच पाहिला. खड्डा बुजवलेली जागा बरोबर ड्रायव्हरच्या सीटखाली येत होती. तो त्या टाइल्सवर पाय न देता, भिंतीला धरून बाहेर आला.

नागपूरहून योगेंद्र नावाचा मेकॅनिक आला. लॅपटॉप लावून त्याने तासभर गाडी तपासली आणि कुठेच काही बिघाड नाही म्हणाला. मग खाली वाकून टॉर्च मारला.

"साहेब, गाडी हजार किलोमीटर चालली फक्त. ब्रेकच्या पेडलचं रबर पहा ना, दहा वर्षांत इतकं घासत नाही. अन् रेसचं भी तेवढंच घासलं. दोन्ही पायानं चालवता काय?"

"नाही."

"मंग कोण चालवते?"

धनंजयने त्याला चहा पाजून रवाना केलं. त्या दुपारी जेवून आडवा झाला असताना त्याला शटरमागून आवाज आला. खट. थोडं थांबून, खट. त्याने उठून शटर वर केलं. आत काही हलत नव्हतं. गाडीचं बॉनेट गार होतं.

शहाणा माणूस तिथेच गाडी विकून मोकळा झाला असता. पण मोनिका दिवाळीला आली होती. पुण्याला शिकणारी एकुलती एक लेक, धनंजयचा जीव की प्राण. आल्या आल्या गाडीभोवती चक्कर मारून ती हसली होती. "बाबा, या वयात? मिडलाइफ क्रायसिस म्हणतात याला." हसण्यावारी नेलं तरी ते त्याला लागलं होतं. ही एकदा शेजारी बसली, गाडी कशी पळते ते हिने पाहिलं, की हसणं बंद होईल. दुकानात येणाऱ्या शंभर लोकांनी वाहवा केली तरी त्याला हिचीच हवी होती. वरठीच्या स्टेशनवर तिला याच गाडीने सोडायचं त्याने ठरवलं.

"बोलेरो मागवा ना कोनाची," सत्यभामा म्हणाली. "पोरीले त्यात नोका नेऊ."

"गाडीले काई झालं नाही. तपासली ना."

सकाळी साडेसातला निघाले. सीट एक नंबरवर, सगळं ठाकठीक. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती, कापून आडवे टाकलेले कडपे पडले होते. अड्याळ मागे पडलं, रस्ता सरळ आणि मोकळा मिळाला. धनंजयने पाय दाबला. काटा शंभरावर गेला, एकशे वीसवर गेला. मोनिका मोठ्याने हसली, पण हे हसणं वेगळं होतं.

"बाबा, भारी आहे यार!"

त्या क्षणी धनंजयसारखा सुखी माणूस जिल्ह्यात नसेल.

मग सीटखाली मोटर घरघरली.

सीट पुढे सरकत होती. सावकाश, एकेक बोट. स्टिअरिंग त्याच्या पोटाला लागलं.

"बाबा, काय करताय?"

"मी नाही करून राहिलो."

उजव्या पायाखाली रेसचं पेडल खाली गेलं. त्याने पाय उचलला, तरी ते खालीच होतं. मग ते वर आलं आणि ब्रेक खाली गेला. दोघंही पुढे आपटले. ब्रेक वर, रेस खाली. गाडीने उसळी घेतली.

खट. खट.

"बाबा, थांबवा!"

त्याने दोन्ही पाय वर ओढून घेतले. गुडघे छातीशी आले. खाली पेडलं चालतच होती, एक खाली, एक वर, अगदी सारख्या ठेक्यात. समोरून ट्रॅक्टर येत होता.

त्याने गाडी बंद करायचं बटण अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं. एक. दोन. तीन. इंजिन मेलं. गाडी रस्ता सोडून उतरली, बांधावर चढली आणि धानाच्या कडप्यात घुसून थांबली.

पेडलं आणखी दोनदा हलली. मग तीही थांबली.

मोनिकाच्या गळ्यावर सीटबेल्टचा लाल वळ उठला होता, बाकी ती धड होती. धनंजयने तिला बाहेर काढलं, पोटाशी धरलं, आणि रस्त्यावर, कापणीच्या बायांदेखत, ढसाढसा रडला. ट्रॅक्टरवाल्याने पाणी दिलं. "साहेब, इतकी जोराची गाडी नाही चालवाव या रोडनं," एवढंच तो म्हणाला.

रडू ओसरल्यावर धनंजयने डिकी उघडली. धोटा होता तिथेच होता. तो घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला आला. सीट स्टिअरिंगला चिकटलेलीच होती. त्या फटीत हात घालून त्याने धोटा गादीवर आडवा दाबून बसवला.

मोटर घरघरली. इंजिन बंद होतं. सीट मागे, मागे सरकत आपल्या जागी गेली. धनंजयचा ऊर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलका झाला. मोनिकाच्या बाजूचं दार उघडं राहिलं होतं, ते त्याने लावलं आणि गाडीला कुलूप घातलं.

भंडाऱ्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप थांबली. आत खच्चून माणसं भरली होती, दोघं तर मागे लटकलेले. दोघं बापलेक कसेबसे शिरले. तेवढ्या गर्दीतही मोनिकाच्या शेजारी एका माणसाची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. लटकलेल्यांपैकी कोणी तिथे बसलं नाही. धनंजयला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

वरठीला रेल्वे अर्धा तास लेट होती म्हणून मिळाली. साइड लोअरच्या खिडकीशी बसून मोनिकाने हात हलवला. "बाबा, विकून टाका ती. मला नाही लागत काही भारी-बिरी." तो मान हलवत राहिला. गाडी हलली, शेवटचा डबा गेला, आणि त्याने सत्यभामाला फोन लावला. सगळं सांगितलं, न लपवता.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. बसली गाडीत. अन् आयक, धोटा ठेवला मी सीटवर. लगेच शांत झालं सारं. तुझंच खरं होतं."



"अजी," सत्यभामा म्हणाली, "ठेवतानी सीट मोकळी होती ना?"

धनंजयला स्टिअरिंगला चिकटलेली ती सीट आठवली.

"मामाजी उठल्याबरोबर ठेवत. एकदा विसरले होते. मंग आठ दिवस मागाले हात नाही लावला त्यायनं, पन धोटा नाही ठेवला. बसलेल्याले उठवाचं नसते म्हनत. ते मंग दुसरी बैठक पाहाते."

फोन हातात थरथरला. मोनिकाचा फोटो आला होता. खिडकी, तिचं हसरं तोंड, गळ्यावरचा लाल वळ. खाली तिने लिहिलं होतं, 'समोरची सीट रिकामीच. पाय पसरून जाते मस्त.'

धनंजयने फोटो बोटांनी मोठा केला. समोरची निळी सीट रिकामी होती. फक्त तिची गादी पुढच्या काठाला, मोनिकाच्या गुडघ्यांना लागून, खोल दबलेली होती.