खारबोट

कांदळखारात पाहुणा आला की पाणी हवं का, असं कुणी विचारत नाही. "खयचा पाणी चालता?" असं विचारतात. म्हणजे, कुठलं? गावकऱ्यांचं पाणी खाडीचं, खारं. पाहुण्यांचं पाणी देवळामागच्या टाकीतलं, पावसाचं साठवलेलं. पाहुण्याने चुकून घरच्या कळशीचा तांब्या तोंडाला लावला, तर त्याला भडभडून उलटी होते आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते. तरी बरं, लिंबाची फोड लगेच पुढे येते.

डॉक्टर सुनेत्रा वर्तकने आल्या दिवशीच हा प्रताप केला होता. ती पुण्याची, सूक्ष्मजीवांची अभ्यासक. ज्या अंगणात तिला उलटी झाली ते अंगण रुक्मा तांडेलचं. रुक्मानेच तिला माडाच्या सावलीत बसवलं, तोंड धुवायला दिलं आणि वर सुनावलं, "शिकलेली माणसा ना तुमी? आधी इचारूक काय झाला?" त्या दिवसापासून सुनेत्राचा मुक्काम रुक्माच्या पडवीत.

आता ही माणसं खारं पाणी पितात कशी? खाडीकाठच्या तिवराचं पान कधी चाटून बघा. खारट लागतं. ते झाड मुळांनी खारं पाणी ओढतं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. त्याच तिवराच्या मुळाशी, चिखलात, एक जीवाणू राहतो. मागे कधीतरी समुद्र चढला, विहिरी खारट झाल्या, आसपासची गावं बोजे बांधून घाटावर गेली. कांदळखारची माणसं मात्र हट्टाला पेटली. माडीवाल्याचा माड आणि गाबिताची मासेमारीची होडी सोडून जायचं कुठे? ती तिथेच राहिली, चिखलातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि कालवं कच्ची खात राहिली. कालवांबरोबर तो जीवाणू पोटात गेला. बरीच माणसं आजारी पडली, काही दगावली. जी उरली त्यांना खारं पाणी मानवायला लागलं.

सुनेत्राच्या शास्त्रात त्या जीवाणूला 'क्षारमित्र' म्हणतात. फुटाण्यावर साखरेचं कवच चढवून साखरफुटाणा करतात, तसा हा आतड्यात मिठाच्या कणावर कवच चढवतो. मीठ अंगात न भिनता जसंच्या तसं बाहेर पडतं, पाणी तेवढं अंगी लागतं. बदल्यात माणूस त्याला ऊब देतो, रोजचं मीठ देतो. उंबर आणि त्याच्या पोटातला किडा यांचं जसं एकमेकांवाचून चालत नाही, तसंच हे. याला सहजीवन म्हणायचं.

गावाने या शास्त्राची वाट बघितली नव्हती. गावाची रीत आधीपासूनच पक्की होती. मूल जन्मलं की आईच्या दुधाआधी त्याच्या आजीने तिवराच्या मुळाशी बोट बुडवायचं आणि ते बाळाला चोखायला द्यायचं. हे खारबोट. मग बाळाला खाडीकडे तोंड करून धरायचं आणि दोन बोटांनी त्याची इवलीशी मान वाकवायची. मोठी माणसंही रोज सकाळी कळशी भरताना वाकतात आणि "पावलंस गो आये" म्हणतात. म्हणताना डोळ्यांत पाणी येतं. होड्या हाकणाऱ्या दांडग्या तांडेलांच्याही येतं. सुनेत्राला ते फार आवडलं होतं. असं समाधान तिने पुण्यात एका तरी चेहऱ्यावर पाहिलं होतं का? तिला आठवेना.

रुक्माची लेक जाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा हे सगळं जरा ढवळलं.

जाईने नाशिकला लग्न करून जाताना 'साफी' घेतली होती. क्षारमित्राला पोटातून घालवणारं ते औषध. खाडी सोडून दूर राहायचं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर महिन्याभरात माणूस खंगायला लागतो. अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. आता जाई आईच्या घरी टाकीतलं पाणी पीत होती. रुक्माच्या जिवाला ते लागलं होतं.

"माझा चेडू माझ्याच घरात पावणा!" ती भांडी आपटत म्हणायची. "पण नातवंडाक मी खारबोट देतलंय हां. आधीच सांगून ठेवतंय."

जाई टाकीतल्या पाण्याचा तांब्या उचलून आत जायची.

एके दुपारी रुक्मा कालवं फोडायला गेली असताना जाई पडवीत सुनेत्राजवळ येऊन बसली. पोट सांभाळत, भिंतीला टेकून.

"ताई, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचार की."

"लहानपणी शाळेतून येताना खाडीचा वास आला की मला भरून यायचं. आईच्या पदरालाही तोच वास. तिच्या कुशीत शिरलं की वाटायचं, आता काही नको. साफी घेतली आणि ते गेलं. मला आठवतंय की मला आवडायचं. पण आवडत नाही. हा चिखल घाण वाटतो. आणि आई... आईने माझ्यासाठी काय काय केलं ते सगळं मला कळतं, ताई. पण आतून वाटत नाही. मी वाईट आहे का हो?"

सुनेत्राच्या हातातला चहा निवला. गेला महिनाभर ज्या शंकेने ती पछाडली होती, ती शंका चालत येऊन तिच्या शेजारी बसली होती. क्षारमित्र मिठावर कवच चढवतोच, पण त्याबरोबर आणखी एक द्रव्य बनवतो, हे तिला सापडलं होतं. तिवराच्या चिखलाचा वास आला की ते द्रव्य वाढतं, रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि तिथे एक भावना जागी करतं. ती भावना कुठली, ते तिला नक्की ठरवता येत नव्हतं. आता ठरलं.

"तू वाईट नाहीस गं," ती म्हणाली. "अजिबात नाहीस."

संध्याकाळी तिने मायलेकींना समोर बसवलं. न सांगता राहणं तिला पटेना. बाळाच्या तोंडात बोट जाण्याआधी आईला माहीत हवं.

"रुक्माकाकू, पिसाळलेला कुत्रा का चावतो?"

"पिसाळता म्हणान."

"त्याच्या अंगातल्या विषाणूला दुसऱ्या अंगात जायचं असतं म्हणून. चावायची बुद्धी कुत्र्याची नसते, विषाणूची असते. कधीकधी पोटातला जीव यजमानाचं मनही चालवतो. तसंच..."

"माका कुत्रो म्हणतास?" रुक्मा ताडकन उठली.

"आये, ऐक तरी!" जाई म्हणाली.

"नाही हो काकू. उलट आहे. क्षारमित्राला जगायला खाडी लागते. ज्या माणसाला खाडी आवडेल तो इथेच राहील, तिवर तोडू देणार नाही, रोज हेच पाणी पिईल, मुलांना खारबोट देईल. म्हणून ज्या जीवाणूंनी माणसाला खाडीचं प्रेम लावलं, तेच टिकले. बाकीचे आपापल्या माणसांबरोबर घाटावर गेले आणि संपले. तुम्ही सकाळी वाकता ना, तेव्हा मनात जे दाटून येतं..." सुनेत्रा थांबली. "ती कृतज्ञता तो तयार करतो. तुमच्या आत बसून. आणि खाडीचा वास आईच्या अंगालाही येतो. त्याला आई आणि खाडी वेगळ्या कळत नाहीत."

बाहेर भरतीचं पाणी तिवरांत शिरत होतं.

मग रुक्मा खाली बसली आणि हसली. "बरा. न्हानपणी देवळात गेलंय काय माझी आवस माझी मान धरून वाकवी. माका खेळूक जावचा होता. देव काय ता माका कळत नाय होता. वाकवून वाकवून एक दिवस मान आपसूक वाकली. मगे ती मान माझी काय आवशीची?"

"पण काकू, तुमच्या आईला तुमचं भलं हवं होतं. जीवाणूला..."

"आणि जीवाणून माझा वायट काय केल्यान? पाणी दिल्यान. पाण्याचे उपकार खोटे असत? नाय ना? मगे त्येंची आठवण कोणी करून दिली तर बिघाडला खय? पयल्यांदा मान कोणतरी वाकवताच, डाक्टरबाय. ह्येणी आतसून वाकवली, येवढाच."

सुनेत्राकडे उत्तर होतं: आईचा हात मानेवरून निघतो, जीवाणूचा आपणहून कधी निघत नाही. पण रुक्मा हे बोलताना लेकीकडे बघत होती. लेकीच्या मनातली आपली जागा एका गोळीने गेली, हे तिला त्याच घटकेला कळलं होतं. सुनेत्राने ते उत्तर मनातच ठेवलं.

जाईचा नवरा तुषार नाशिकहून रोज फोनवर बोलायचा. तिथे गोदावरीचं पात्र कोरडं पडून दगड वर आले होते, पाणी मोजून मिळत होतं. "पुढे इथे काय होईल सांगता येत नाही," तो म्हणाला. "बाळाला खारबोट दिलंस तर मीच तिकडे येईन. टाकीचं पाणी पिऊन पाहुणा म्हणून राहीन जन्मभर. पण ठरव तू. मला यातलं काय कळतं?"

म्हणजे सगळं जाईवर आलं. बोट द्यावं तर मूल कोरड्या जगातही तगेल, पण या खाडीला बांधलेलं राहील, आणि आईवरची त्याची माया त्याची स्वतःची की जीवाणूची हे कधी कळणार नाही. न द्यावं तर मूल मोकळं, आणि तहानलेलं.

"नंतर बदलता येईल ना?" तिने सुनेत्राला विचारलं. "साफी आहेच की."

"आहे. वाट उघडीच आहे. पण ज्याच्या पोटात तो आहे, त्याला त्या वाटेने जावंसं वाटत नाही. तुझं लग्न ठरलं म्हणून तू गेलीस, तेही रडत. खारबोट घेणाऱ्याला पश्चात्ताप होत नाही, जाई. मला भीती वाटते ती त्याचीच."

कळा सुरू झाल्या त्या भल्या सकाळी. सुईण होती, सुनेत्रा होती, आणि रुक्मा लेकीचे पाय चेपत होती, कपाळ पुसत होती, मधेच शिव्या घालत होती, मधेच खाडीला नवस बोलत होती. दुपारी मुलगी झाली. काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावर ऐकू जावा.

रुक्मा चिखलात बोट बुडवून आली आणि दारात थांबली. आत आली नाही. बोटावरून खारं पाणी टपकत होतं.

जाईने बाळाला छातीशी धरलं आणि आईकडे बघितलं. घामाने चिंब झालेली, केस सुटलेले, रात्रीपासून पोटात अन्न नाही. ही बाई माझ्यासाठी मरेल, हे जाईला स्वच्छ कळत होतं. ती आत शोधत राहिली. कळण्याखाली काहीच नव्हतं. एखाद्या परक्या घरातल्या चांगल्या माणसाचे आभार मानावेत, तसं नुसतं कोरडं कळणं.

"ताई," ती सुनेत्राला म्हणाली, "माझ्या लेकीला मी नुसती कळायला नको. वाटायला हवी. मला स्वार्थी म्हणा हवं तर."

"नाही म्हणणार."

"आणि आधी बोट मला. तिला एकटीला कुठे पाठवत नाही मी." तिने सुनेत्राचा हात घट्ट धरला. "एक करा. नंतरची जाई तुम्हाला सांगेल, छान झालं. सांगणारच ती. तिला विचारू नका. आत्ताची मी लक्षात ठेवा. मला फार भीती वाटत होती, मी रडत होते, हे कुणाच्या तरी लक्षात राहू दे."

"राहील," सुनेत्रा म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते.

"ये गो आये," जाई म्हणाली.

रुक्मा आत आली. बोट आधी लेकीने चोखलं, मग नातीने.

पाऊस संपता संपता सुनेत्रा निघाली. टाकीच्या पाण्याची बाटली रुक्माने तिच्या पिशवीत घातली, शिवाय कोकमाची सोलं, सुके बांगडे आणि "परत येवा, पण इचारून पाणी पियावा" हा टोमणा. जाई बाळाला घेऊन होडीपर्यंत आली. घोटाभर चिखलात उभी होती, आईला बिलगून. तिचा चेहरा उजळून निघाला होता.

"तुमचे उपकार कसे फेडू, ताई? तुम्ही नीट सांगितलंत म्हणून धीर झाला. किती छान झालं!"

"त्या दिवशी तू मला काही सांगितलं होतंस. आठवतंय?"

जाई खळखळून हसली. "बाळंतीण काय, वेडीच असते! घाबरले होते उगाच." बाळाने चिखलाच्या वासाकडे तोंड वळवलं आणि हुंकार दिला. रुक्मा आणि जाई दोघी एकदम खाडीपुढे वाकल्या.

होडी सुटली. ती घाबरलेली जाई आता जगात फक्त सुनेत्राच्या डोक्यात उरली होती. तिने मनातल्या मनात तिला एकदा हाक मारली, दिलेला शब्द पाळण्यासाठी.

मग तिला तहान लागली. बाटली तोंडाला लावताना तिच्या मनात आलं, हे पाणी गावात कुणी पीत नाही. तरी दर उन्हाळ्यात रुक्मा टाकीत उतरून ती घासते, येणाऱ्या पाहुण्यासाठी. सुनेत्रा महिनोन्‌महिने ते प्यायली होती. त्याआधी पुण्यात चाळीस वर्षं कुठल्या तरी धरणाचं, कुठल्या तरी डोंगरावरच्या रानाने धरून ठेवलेलं पाणी प्यायली होती. एकदाही, एका घोटालाही, ती कुणापुढे वाकली नव्हती. तिचं मन तिचं स्वतःचं होतं, मोकळं. त्यात कुणी बसलेलं नव्हतं.

तिने पाण्याकडे बघून वाकायचा प्रयत्न केला. उपकार कळत होते. सगळे, एकूण एक. वाटत काहीच नव्हतं, आणि मान ताठच राहत होती.

तेव्हा तिने आपलाच हात मागे नेला, मानेवर ठेवला आणि दाबला.