उंबऱ्याबाहेरच्या चपला

बायजाबाईंना बघायला येणाऱ्यांच्या दोन जाती होत्या. चहा पिऊन रडणाऱ्या आणि रडून चहा पिणाऱ्या. त्यांच्या सुनेला, सुरभीला, दोन्हींचा सारखाच वीट आला होता.

कशेळ्याच्या बाजाराच्या जरा पुढं, मुरबाड रस्त्याला लागून त्यांचं घर. पोटातला कॅन्सर पसरल्यावर डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, आता बरं करता येणार नाही, पण फार दुखू न देता घरी सांभाळता येईल. म्हणून पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग आला, त्यावर हवेची गादी आली, आणि दर बुधवारी कर्जतहून मासूमा सिस्टर यायला लागली. कूस कशी बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी कशी सारायची, ओल्या कापसानं ओठ कसे भिजवायचे, सगळं तिनं सुरभीच्या हातांना शिकवलं.

"खायला कोंबू नका. आणि दुखायला लागायची वाट बघू नका, गोळी वेळेवर द्या," ती म्हणाली होती.

पाहुण्यांना यातलं काहीच पटत नसे.

"सासूला अफू देती म्हनं," लोधिवलीच्या विमलबाई, बायजाबाईंची नणंद, सुरभीच्या तोंडावर म्हणाल्या. आणि त्याच दमात, "भजी उरल्यात का गं?"

सुरभीची दीड वर्षाची रिया पलंगाची कड धरून उभी राहायची आणि बायजाबाई तिच्या जावळातून एक बोट फिरवायच्या. तेवढा वेळ घर घरासारखं वाटायचं.

बायजाबाईंचा धाकटा मुलगा जितेश टेंपो चालवायचा. आईचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात जुन्या हायवेवरच्या अपघातात तो गेला. आईला सांगायचं नाही, असं सगळ्या शहाण्यांनी ठरवलं. तो गुजरातला कामाला आहे, फोन लागत नाही. सुरभीला हे खोटं पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आईंनी जाताना तरी फसू नये, एवढंच तिला हवं होतं. पण तिचा नवरा राजेश घरातल्या मोठ्यांपुढं कधी तोंड उघडेल, तर शपथ.

रविवारी विमलबाई पुन्हा आल्या, सोबत त्यांचा मुलगा वाल्मिक.

"जीव आडकलाय वयनीचा. जितूत," त्यांनी पलंगाशी उभं राहून निकाल दिला. "तो आला की जाईल त्याच्यासंगं, सुखानं."

"तो कसा येणार, आत्या?" सुरभीनं दबक्या आवाजात विचारलं.

"ह्यो हाय ना. आवाज सेम टू सेम. आन् तिला दिसतंय कुठं आता?"

"हे करू नका. त्यांना कळतं सगळं."

"तू दोन बुकं शिकलीस म्हून आमी येडे काय गं?"

राजेश भजी चावत राहिला. वाल्मिकला उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्यानं घसा खाकरला, हसू दाबलं आणि हाक दिली, "आये! मी आलो गं. जितू."

बायजाबाईंनी डोळे उघडले. दाराकडं बराच वेळ बघितलं.

"ये," त्या म्हणाल्या. "चपला भायेर काढ."

विमलबाईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला. वाल्मिक बूट घालूनच आत आला, थोडा वेळ पलंगाशी बसला आणि कंटाळून उठला. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तेव्हा सगळे जरा नाराज होऊनच गेले.

झाडायला गेलेल्या सुरभीला उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड दिसला. पुरुषाच्या चपला, डाव्या टाचेला जास्त झिजलेल्या. मरणाऱ्या बाईला बघायला यायचं आणि स्वतःच्या चपला विसरून जायचं, धन्य ती माणसं! तिनं फोन करून विचारलं. कुणाच्याच नव्हत्या.

क्लच दाबणाऱ्याची डावी टाच झिजते. पण ड्रायव्हर काय गावात एकच होता?

सोमवारी दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली. आईंची कूस बदललेली होती. गुडघ्यांमध्ये उशी नीट सारलेली होती. ओठ ओले होते. राजेश कामावर गेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. खोलीत डिझेलचा वास होता. रस्ता जवळ, येणारच वास, तिनं स्वतःला सांगितलं.

रिया पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं टोस्ट धरून उभी होती. टोस्टची एक बाजू मोठ्या घासानं तोडलेली होती. रियाला अजून पुढचे चारच दात आले होते.

बुधवारी तिनं मासूमाला गाठलं. "आई जितेशशी बोलतात, सिस्टर."

"होतं असं शेवटी. गेलेली माणसं दिसतात पुष्कळांना. वाद घालू नका."

"पण तो गेलाय हे त्यांना कुठं माहितीय?"

मासूमा ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत राहिली.

शुक्रवारी श्वास लांबला. विमलबाई धावत आल्या.

"गेली का?"

"नाय," पलंगावरून आवाज आला. बायजाबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. भजीवरची माशी बघावी तसं. "तुमी नाय सांगितलंत. त्यानं सांगितलं मला. हायवेचं."

विमलबाईंचा पदर डोळ्यांकडं निघाला होता, तो वाटेतच थांबला.

"बोलवताना इचार नाय केलात," बायजाबाई म्हणाल्या. मग हात चाचपत सुरभीकडं वळल्या. "पोरीला आत घे गं. दार लाव."

सुरभीनं रियाला मागच्या खोलीत नेलं, झोळीत निजवलं, कडी घातली. परत येऊन आईंचा हात हातात घेतला. हात गरम होता. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. एक श्वास आला. पुढचा आला नाही.

विमलबाईंनी हंबरडा फोडला. छान जमला.

सुरभी बाहेर ओट्यावर आली.

झिजलेल्या चपला तिथं नव्हत्या.

आईंच्या चपला महिनोन् महिने खुंटीला पिशवीत टांगलेल्या होत्या. पिशवी रिकामी लोंबत होती.

रियाचे सँडल ती नेहमी आत, कपाटाखाली ठेवायची.

आता ते उंबऱ्याबाहेर होते. पट्टे सोडलेले, तोंडं रस्त्याकडं.