येते गली

काशीतल्या ब्रह्मा घाटामागच्या गल्ल्यांना नव्या पाट्या लावायचं काम १९९३च्या चैत्रात माझ्याकडे आलं. त्यात एक अरुंद बोळ होता, 'येते गली'. असलं नाव कुठे असतं का? मूळ 'यति गली' असणार, असं मी ठरवूनच टाकलं. आपल्याला फार कळतं, ही माझी जुनी खोड. एका सकाळी तशी पाटी रंगवून घेतली.

बोळात मराठी घर एकच, लतिकाकाकूंचं. त्या धावत बाहेर आल्या.

"अहो, काय केलंत हे! नाव नाही ते, ताकीद आहे."

महामारीच्या साली त्यांच्या सासरच्यांनी एका आजारी सुनेला जिवंतपणीच घाटावर नेऊन सोडलं होतं. उंबरा ओलांडताना ती बिचारी रीतीप्रमाणे "येते" म्हणाली. आपल्यात "जाते" कोण म्हणतं? आणि मेल्यावर ती आली. तेव्हापासून या उंबऱ्यावर जो कोणी "येतो" म्हणून निघेल, त्याला मेल्यावरही यावंच लागतं. नवख्याने नाव वाचून विचारावं, म्हणून पाटी.

मी हसलो.

त्याच दुपारी काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. माझी बायको इंदू गेली, पन्हं प्यायली, ओटी घेतली आणि निघताना म्हणाली, "येते हं, काकू!" काकू आतून धावल्या, तोवर शब्द निघून गेला होता.

श्रावणात इंदू तापाने गेली. तेराव्यानंतर काकूंचं बोलावणं आलं.

"रोज दुपारी येते... कडी वाजवते. तिच्या माणसानेच 'जा' म्हणायचं असतं. दार उघडायचं नाही."

मी दाराआड बसलो. आधी ओल्या राखेचा वास आला. मग कडी वाजली, हळूच.

"अहो... आहात ना? पाय भाजताहेत माझे."

मला भीती वाटली. खरं सांगतो, माझ्याच बायकोची.

"जा," मी म्हणालो.

मग नेहमीच्या समजूतदार आवाजात तिने विचारलं, "बरं... कुणीकडे जाऊ?"

मी अडसर आणखी घट्ट धरला. काकूंकडे ती पुन्हा आली नाही.

परवा आमचा नवा दूधवाला सांगत होता, भर दुपारी कुणी मराठी बाई अनवाणी रस्ता विचारत फिरत होती.

"बेचारी बहुत थकी थीं, बाबूजी. हम आपका घर दिखा दिये."